सातवा बार

चौथ्या नोकरीच्या वेळी कान तपासायचं निघालं. आधीच्या तिन्ही ठिकाणी त्याच्या फायलीतले कागद उलटेपालटे करून, 'कळवतो' म्हणून त्याला वाटेला लावलं होतं. इथं मात्र कारखान्याच्या आग विझवणाऱ्या पथकात फौजेतून आलेल्यांसाठी खरोखरच जागा होत्या. उंची, छाती, धावणं, दोरावर चढणं, सगळ्यात तो आपल्याहून पंधरा वर्षांनी लहान पोरांच्या पुढं निघाला. मग डॉक्टरनं त्याला स्टुलावर बसवलं, स्वतः मागं गेला आणि म्हणाला, "मी हळू आवाजात आकडे सांगेन. ऐकू आलेला आकडा तुम्ही मोठ्यानं सांगायचा."

समोर औषधांचं कपाट होतं आणि त्याच्या काचेत डॉक्टरचं तोंड दिसत होतं.

ओठ मिटले, उघडले, ताणले गेले. "बत्तीस," तो म्हणाला. मग "पाच." मग "एकोणपन्नास." डॉक्टर लिहीत होता. इतक्यात नर्सला काहीतरी हवं झालं आणि तिनं कपाटाचं दार उघडलं. काच फिरली. तीत खिडकी आली, बाहेरचं झाड आलं, डॉक्टर गेला.

मागून शब्द आला, "आत."

तो उठला आणि आतल्या खोलीच्या दाराकडे चालू लागला.

"कुठं निघालात?" डॉक्टरनं समोर येऊन विचारलं.

"आत जा म्हणालात ना?"

"मी सात म्हणालो."

डॉक्टर वाईट माणूस नव्हता. त्यानं मशीन लावून पुन्हा तपासलं आणि आलेख दाखवला. रेघ डावीकडून सरळ येत होती आणि मध्यावर, कड्यावरून दगड सुटावा तशी, खाली गेली होती. "जाड आवाज तुम्हाला येतात," तो म्हणाला. "बारीक गेले. पाखरं, शिट्टी, बोलण्यातला स, श, फ. डावा कान फारच. उजवा त्यातल्या त्यात बरा. काय करत होतात तिकडं?"

"रस्ते. डोंगर फोडून रस्ते करायचो. सुरुंग माझ्याकडं होते."

"किती वर्षं?"

"सतरा."

"मग कानांत बोळे घालायला नकोत का?"

"बोळे घातले तर बार मोजता येत नाहीत," तो म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं पायातले बूट काढता काढता सांगितलं, "उंचीत गेलो."

म्हातारा दारालगतच्या लोखंडी खाटेवर बसला होता. त्याला दहा वर्षांपासून काहीच ऐकू येत नसे. "काय म्हणतो?" त्यानं सुनेला विचारलं.

"उंचीत गेले म्हणतात!" बायको ओरडली.

"उंचीत?" म्हाताऱ्यानं मुलाला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "सतरा वर्षं चालली ना ती उंची? आता काय, धुतल्यावर आटला?"

बायको हसली. तोही हसला. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली ती त्याच्या उजव्या बाजूनं.

म्हाताऱ्यामुळं त्या घरात सगळे ओरडूनच बोलत. शब्द तोडून, तोंड मोठं उघडून, हातवारे करून. सुट्टीवर येणाऱ्या फौजीला ते बरंच पडायचं. बापाच्या बहिरेपणाआड मुलाचा बहिरेपणा कित्येक वर्षं कुणाला न दिसता राहिला. बायकोला तेवढा दिसला. तिनं एकदा त्याच्या पाठीमागं दळणाचा डबा पाडला, तर आवाजानं दचकण्याऐवजी, जमीन हादरली म्हणून त्यानं आधी पाय उचलला आणि मग वळून पाहिलं. तेव्हापासून ती त्याच्या उजवीकडनं येई आणि त्याच्याशी मात्र साध्या आवाजात बोले. त्यावर दोघं एक शब्दही कधी बोलले नाहीत.

मुलगी शहरात नर्सिंग शिकत होती. पेन्शन तिच्या वसतिगृहात आणि म्हाताऱ्याच्या औषधांत जिरत होती. त्या वर्षी सगळ्या विहिरींनी तळ दाखवला आणि शेतात कुणाला काही कामच उरलं नाही. पोरं शहराकडं गेली. राहिलेले लोक विहिरी खोल करायच्या मागं लागले. एका सकाळी विहिरींचा मुकादम मोटारसायकल आवाज करत दाराशी घेऊन आला. पोट सुटलेला, सदऱ्याच्या खिशाला चार पेनं लावणारा माणूस.

"फौजी, घरात बसून खाट मोडतोस काय?"

"खाट बाबांची आहे. मला बसायला जागा कुठं?"

"माझा सुरुंगवाला पळाला. दुसऱ्या ठेकेदारानं नेला. दोन शेतं पलीकडची विहीर अर्ध्यात पडलीय. तुझ्याकडं फौजेचा दाखला आहे म्हणे."

"आहे."

"मग काय लग्नाचं बोलणं करायचं काय? चल उद्यापासून. वहिनींनाही घे घमेल्यावर. डबर उचलायला बायका कमी पडतात."

मुकादम गेल्यावर बायकोनं चुलीतली लाकडं मागं ओढली. मग उठून त्याच्या उजवीकडं आली.

"ज्यानं कान नेले त्याच्याकडंच परत?"

पहिल्यांदाच तो शब्द त्या दोघांमध्ये आला होता. त्यानं मान खाली घातली. "दुसरं मला येतं काय?" तो म्हणाला.

विहीर तीस फूट रुंद होती आणि सत्तर फूट खोल गेली होती. काठावर यारी बसवलेली. तिचं इंजिन धडधडायचं आणि लोखंडी बादली दोरावरनं खाली जायची, माणसं घेऊन जायची, दगड घेऊन वर यायची. खाली ड्रिलवाला दगडाला भोकं पाडायचा. अंगानं इतका वाळका की सगळे त्याला खिळा म्हणत. सकाळी भोकं पाडायची, दुपारी ती भरायची आणि माणसं वर आली की वाती पेटवायच्या. बार झाले की डबर काढायला पुन्हा खाली.

पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्यांना काठाजवळ उभं करून नियम सांगितला.

"वात पेटवणारा बार मोजणार. जितक्या वाती तितके बार. मोजणी जुळली, धूर गेला, मी खाली बघून आलो की मी म्हणणार 'साफ'. तो शब्द कानावर पडल्याशिवाय बादलीत पाय ठेवायचा नाही. मुकादमानं सांगितलं तरी नाही."

"एखादा बार उडालाच नाही तर?" खिळ्यानं विचारलं.

"तर तो भोकात झोपलेला असतो. उद्या तू त्याच्यावर ड्रिल धरशील."

खिळा काठापासून दोन पावलं मागं सरला. "मग नीट मोजा, दादा."

'साफ' हा शब्द त्याचा जुना. फौजेत त्याच्या एका 'साफ'वर तीसचाळीस माणसं डोंगराखाली शिरायची. आता स गेला होता, फ गेला होता. स्वतःचाच शब्द तोंडातून बाहेर पडला की त्याला मधला नुसता 'आ' ऐकू यायचा. स जिभेवर आणि फ ओठांवर जाणवे, म्हणून तो तिथं आहे असं धरून चालायचं.

तो वेगवेगळ्या लांबीच्या वाती कापायचा, म्हणजे बार एकावर एक न पडता सुटे सुटे यावेत. पेटवून वर आला की शिट्टी फुंकायचा. ती वाजते की नाही हे त्याला लोकांच्या तोंडांवरनं कळे. मग बाजूला जाऊन तो बूट काढायचा आणि मोकळ्या खडकावर अनवाणी उभा राहायचा.

"फौजी, कुणाच्या घरात शिरतोयस?" यारीवाला ओरडला. "वहाणा बाहेर काढल्या त्या!"

बायका हसल्या. त्यानं हात वर केला.

तळव्यांखाली खडक उन्हानं तापलेला असे. मग खालून धक्का येई. आधी टाचेला, मग पोटरीत, मग दाढांत. एक. मग थांबा. दोन. कानांना त्यातला जाड भाग ऐकू येई, पण विहीर, काठ, समोरचा डोंगर सगळे मिळून त्या आवाजाचा असा काला करत की त्यातनं आकडा काढणं शक्य नसे. पायांचं तसं नव्हतं. खडक एकदाच सांगायचा आणि गप्प बसायचा.

हे तो खाटेवरनं शिकला होता. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात, जुना सुरुंगवाला असतानाच, म्हातारा दुपारी म्हणाला होता, "पाच झाले आज."

"काय पाच?"

"बार. खाटेच्या पायांतनं कळतात. तळहात लोखंडावर ठेवून बघ."

काम सुरू झाल्यापासून रोज संध्याकाळी तो दारात आला की म्हातारा विचारण्याऐवजी सांगायचाच, "सहा." किंवा, "आज पाच." आणि ते बरोबर असायचं. मग तो बापाच्या पाठीवर थाप मारून हात धुवायला जायचा.

तरीही बायकोनं आपली एक सोय केली होती. बार सुरू झाले की ती त्याच्यासमोर, गर्दीच्या थोडं पुढं उभी राही. डोक्याला बांधलेल्या फडक्याचं टोक एका हातात धरी आणि दुसऱ्या हाताची बोटं मांडीशी एकेक करून मिटत जाई. पाच झाली की हात बदले. हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं, त्यानंही विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दिसलं, तिसऱ्या दिवशीपासून तो बघू लागला.

एकदा त्यांचं जुळलं नाही. पाच वाती होत्या. पायांनी पाच सांगितले. तिनं एक मूठ मिटली आणि दुसऱ्या हाताचं एक बोट. सहा. तिचा चेहरा पांढरा पडला. त्यानं डोंगराकडं हनुवटी केली. शेवटचा बार मोठा होता आणि डोंगरानं तो परत टाकला होता. घरी जाताना ती त्याच्या उजवीकडनं चालत म्हणाली, "माझे कान चांगले असून काय उपयोग? तुमचे पाय बरे."

त्या वाक्यावर तो तीन आठवडे ताठ चालला. मुकादम दुसऱ्या विहिरीच्या मालकाला घेऊन आला आणि त्याच्यादेखत म्हणाला, "हा माझा फौजी. याच्या मोजणीत चूक नाही." पाऊस येईपर्यंत चार विहिरींचं काम पक्कं झालं. वसतिगृहाचं पुढचं वर्ष त्यात बसत होतं. आरशासमोर दाढी करताना त्याला पुन्हा तो माणूस दिसू लागला ज्याच्या शब्दावर लोक खाली उतरतात.

ऐंशी फुटांवर दगड बदलला. काळा खडक संपून एका बाजूला लाल थर लागला. विटेसारखा, नखानं कोरला जाणारा, हातभर जाडीचा. खिळा खूश झाला. "लोण्यात ड्रिल घालावं तसं जातंय." मुकादमही खूश. लाल थराखाली पाणी असतं असं सगळेच म्हणत. त्यानं मात्र त्या थरात बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली भुकटी फुंकली. त्याला एवढंच वाटलं की इथला बार दगड कमी फोडेल आणि धूळ जास्त उडवेल.

त्या दिवशी सात भोकं होती. सहा काळ्यात, एक लालमध्ये. भरून झाली, माणसं वर आली. त्यानं वाती पेटवल्या, लालमधली सगळ्यात लांब, म्हणजे ती शेवटी. बादलीतनं वर आला, शिट्टी फुंकली, बूट काढले.

एक. दोन. तीन आणि चार जवळजवळ, पण सुटे. पाच. मोठा थांबा. सहा.

तो उभा राहिला. तळवे खडकाला घट्ट लावले, बोटं पसरली. पायाखाली काही आलं नाही. कानांत एक गुंगगुंग होती, ती नेहमीचीच. त्यानं समोर पाहिलं. बायकोच्या एका हाताची मूठ मिटली होती आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं.

सात.

त्यानं डोंगराकडं हनुवटी केली. तिनं मान हलवली. नाही. मग तिची मान मध्येच थांबली. तिलाही मागची खेप आठवली असावी.

त्यानं सगळ्यांच्या पुढं जाऊन दोन्ही हात आडवे केले. "थांबा. एक उडालेला नाही."

लोक एकमेकांकडं पाहू लागले. मग एकदमच बोलू लागले. यारीवाला हात नाचवत होता, बायका तोंडं मोठी करून काहीतरी सांगत होत्या, खिळा विहिरीकडं बोट दाखवत होता. तो एका तोंडावरनं दुसऱ्या तोंडाकडं पाहत राहिला, पण एकही तोंड वेळेवर धरता येईना. सगळ्यांकडनं मिळून एकच शब्द येत होता.

"आत! आत! आत!"

त्याच्या कपाळाची शीर ताठ झाली. "आत कुणी जायचं नाही!" तो ओरडला. "मरायचंय का? एकानंही आत पाय घालायचा नाही!"



मुकादम पुढं आला. तो सावकाश बोलला, म्हणून कळलं. "आत जा असं कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतायत. आत, आत."

"आम्ही सात म्हणतोय, फौजी. बार सात झाले. सगळ्यांनी ऐकले."

"सातवा डोंगरानं टाकला."

"डोंगरानं टाकलेला कळत नाही का आम्हाला? तो नंतर येतो, आणि पोकळ येतो. हा विहिरीतनं आला. बारीक होता, पण आला."

"मी सहा मोजले."

मुकादमानं त्याच्या अनवाणी पायांकडं पाहिलं. मग बाजूच्या बुटांकडं. मग मान वळवून त्याच्या बायकोकडं. तिची दोन बोटं अजून मिटलेलीच होती. तिनं हात घाईनं फडक्याखाली घेतला.

मुकादम त्याला वळसा घालून मागं गेला आणि डाव्या खांद्यामागं उभा राहिला.

तो धुराकडं पाहत होता. विहिरीतनं वर येणारा धूर आज तांबूस होता. अर्ध्या तासाचा थांबा, मग मी एकटा उतरणार, असं तो मनाशी जुळवत होता. त्यानं सहज समोर पाहिलं तर खिळ्याचं तोंड उघडं पडलेलं. एका बाईनं तोंडावर हात घेतलेला. आणि बायको त्याच्या डोळ्यांकडं बघत नव्हती. ती त्याच्या डाव्या खांद्याकडं बघत होती.

त्यानं खांद्याकडं पाहिलं. तिथं काही नव्हतं. तो मागं वळला.

"तीनदा म्हणालो," मुकादम म्हणाला. "तुझ्या खांद्यावर विंचू आहे म्हणून."

कुणी हसलं नाही. यारीवाल्यानं तरी हसायला हवं होतं, तो प्रत्येक गोष्टीला हसायचा. त्यानं इंजिनावरचं फडकं उचललं आणि जी जागा स्वच्छ होती तीच पुसायला लागला.

"अर्ध्या तासानं मी उतरतो," तो म्हणाला. "एकटा."

"उतर."

तो अर्धा तास सगळे लांब सावलीत बसले. बायको बायकांमध्ये होती. तो काठाजवळ उन्हात उकिडवा बसला. बूट घालावेत की नकोत हे त्याला ठरवता येईना, शेवटी घातले.

बादली खाली गेली तसं वरचं उजेडाचं वर्तुळ आकसत गेलं. खाली सुरुंगाच्या दारूचा वास, ओल आणि धूळ. तो एकेक भोक शोधू लागला. डबर बाजूला करायचं, भोकाचा उरलेला तळ बघायचा, काठीनं हळूच चाचपायचं. पहिलं उडालेलं. दुसरं, तिसरं. काळ्या दगडाच्या धारदार कपच्या बोटांना लागत होत्या. सहाही उडालेली. मग तो लाल थराकडं गेला आणि गुडघ्यांवर बसला.

भोक नव्हतंच. त्या जागी घागर मावेल एवढी कपार पडली होती आणि तिच्यात लाल भुकटी भरलेली. मोठा दगड एकही नव्हता. त्यानं हात कोपरापर्यंत आत घातला. भुकटी मऊ होती, अजून कोमट होती. बार झाला होता. पूर्ण झाला होता. त्या मऊ थरानं तो आपल्या पोटात जिरवून घेतला होता आणि खडकाला काही सांगितलंच नव्हतं. वर लोकांनी तो हवेतनं ऐकला. ज्यांच्या कानांना हवेतलं कळत होतं त्यांनी ऐकला.

तो तसाच बसून राहिला. हात कपारीतनं काढावासा वाटेना. आज सातचे सहा झाले, म्हणजे थोडं काम थांबलं, एवढंच. पण अशाच मऊ जागी दोन सुरुंग असले आणि त्यांतला एकच उडाला, तर पायांना दोन्ही सारखेच. उडालेलाही गप्प, झोपलेलाही गप्प. मग मोजणीत काय धरायचं? हे गणित त्यानं दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं.

त्यानं दोर हलवला. बादली वर आली. सगळे काठाशी जमले होते.

"साफ," तो म्हणाला. जिभेवर स होता, ओठांवर फ होता.

कुणी बादलीकडं आलं नाही.

मुकादमानं नजर न देता खिळ्याला म्हटलं, "तू एकदा बघून ये रे."

खिळा खाली मान घालून त्याच्या शेजारनं गेला. जाताना म्हणाला, "दादा, तसं काही नाही हं." हे मात्र उजवीकडनं होतं, म्हणून ऐकू आलं.

दहा मिनिटांनी खिळा वर आला आणि म्हणाला, "साफ." लगेच बायका घमेली घेऊन उठल्या.

मुकादमानं त्याला यारीच्या पलीकडं नेलं. चहा मागवला. तो येईपर्यंत दोन पेनांची टोपणं काढली आणि लावली.

"लपवलंस तू."

"हो."

"माणसं उतरतात रे तुझ्या शब्दावर."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे म्हणतोस आणि..." मुकादमानं वाक्य सोडून दिलं. मग त्याचं तोंड आपल्याकडं आहे याची खात्री करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "सुरुंग खिळ्याला शिकव. बत्ती तो लावेल. मोजायला वहिनींना वर ठेवतो, त्यांचं लक्ष असतं. तुला यायचं असेल तर घमेल्यावर ये. बायकांना जो रोज देतो तोच तुला देता येईल."

त्यानं चहा संपवला. ग्लास खाली ठेवून म्हणाला, "वाती कापताना त्याला सांग, एका मापाच्या कापू नकोस."

"तूच सांग ना. येणार आहेस ना उद्या?"

बाकीचा दिवस त्यानं काठावरचं डबर सारलं.

घरी जाताना बायको नेहमीसारखी उजवीकडनं चालत होती. वाटेत ती म्हणाली, "मी बोटं मिटायलाच नको होती. त्यांनी माझा हात बघितला."

"तू बरोबर मोजलंस."

"तुम्ही विश्वास का नाही ठेवलात?"

"ठेवला असता आणि तू चुकली असतीस तर?"

दाराशी आल्यावर म्हाताऱ्यानं तळहात खाटेच्या लोखंडावरनं उचलून दाखवला. डोळे चमकत होते. दिवसभर त्यानं हे सांगायला जपून ठेवलं होतं.

"सहा," म्हातारा म्हणाला. "आज सहा. बरोबर?"

तो खाटेच्या काठावर बसला. बापाच्या तळहातावर लोखंडाच्या पट्टीची आडवी खूण उमटली होती. त्यानं तो हात आपल्या हातात घेतला आणि अंगठ्यानं ती खूण चोळली.

"बरोबर, बाबा!" तो ओरडला. "सहाच!"

"मी कधी चुकतो काय?"

"नाही!"

आत चुलीपाशी बायकोनं भांडं आपटून ठेवलं. तो आवाज दोघांनाही आला नाही.

सकाळी ती आवरून दारात उभी राहिली तेव्हा तो घमेलं घेऊनच बाहेर आला. वाटेत तिनं त्याच्या हातातनं ते घ्यायला हात पुढं केला. त्यानं दिलं नाही.

खिळ्याला त्यानं वाती कापायला शिकवल्या. बोटात बोट धरून, एकेक माप दाखवत. पाच भोकं. खिळा भराभर कापत सुटला. "घाई नको," तो म्हणाला. "वात घाई करत नाही, तूही करू नकोस." मग तो वर येऊन बायकांमध्ये उभा राहिला. बूट पायात होते.

बार झाले. पायाला किती कळले हे त्यानं मोजलं नाही, निदान मोजायचं नाही असं ठरवलं होतं. बायको काठाजवळ, त्याच्या कालच्या जागी उभी होती. आता बोटं लपवायचं कारण नव्हतं. तिनं एक हात उघडा समोर धरला आणि मिटला. धूर गेला. खिळा उतरला, बघून आला, तिच्याकडं पाहून त्यानं मान हलवली.

"साफ," ती म्हणाली. आवाज लहान निघाला असावा, कारण यारीवाल्यानं कानामागं हात धरला. तिनं पुन्हा म्हटलं. बायका हलल्या, बादलीकडं गेल्या. कुणीतरी त्याच्या बाजूनं घासून गेलं. तो डोंगराकडं पाहत तसाच उभा होता. हातात घमेलं.

ती दहाबारा पावलांवर होती. त्याच्या उजवीकडं यायला तिला बादलीचा दोर ओलांडावा लागला असता, आणि माणसं उतरत असताना मोजणाऱ्यानं काठ सोडायचा नाही, हे त्यानंच तिला सकाळी सांगितलं होतं. तिनं मुकादमाकडं पाहिलं, बायकांकडं पाहिलं. मग दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि ओरडली. घरात म्हाताऱ्याशी बोलताना ओरडतात तशी. शब्द तोडून, तोंड मोठं उघडून.

"साऽफ! आहे! जा! तुम्ही!"

त्यानं मान वळवली. तिचे दात दिसले, मग ओठ मिटले. मधला 'आ' त्याला स्पष्ट ऐकू आला.

त्यानं मान हलवली, घमेलं डोक्यावर घेतलं आणि बादलीत पाय ठेवला.